समटर ते मन्रो : १८६१

अमेरिकेचे यादवी युद्ध जिथे सुरू झाले, त्या साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटनच्या बंदरातील फोर्ट समटर किल्ल्याच्या या विटा जवळून पाहिल्या, तर काहींवर बोटांचे ठसे दिसतात. ओल्या मातीत उमटून भट्टीत पक्के झालेले हे ठसे गुलामगिरीत राबणाऱ्या माणसांचे आहेत.

गुलामगिरीचा नव्या प्रदेशांत विस्तार होऊ देणार नाही, असे सांगणारे अब्राहम लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये अध्यक्षपदी निवडून आले. दक्षिणेत आधीपासून असलेली गुलामगिरी मोडून काढण्याची भाषा त्यांनी केलेली नव्हती. तरीही २० डिसेंबरला साउथ कॅरोलायनाने संघराज्याशी नाते तोडले. फुटीची कारणे सांगणारा राज्याचा हा दस्तऐवज त्यानंतर चार दिवसांनी काढलेला आहे. ही कारणे त्यात राज्याने स्वतःच मांडली असून, उत्तरेकडील राज्ये पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, ही त्यातील एक मोठी तक्रार आहे. हे युद्ध केवळ राज्यांच्या हक्कांसाठी झाले असे आजही मानणाऱ्यांनी हा दस्तऐवज एकदा शांतपणे वाचावा.

चार्ल्सटनमधील चाल्मर्स स्ट्रीटवरील या इमारतीत माणसांची खरेदी-विक्री होत असे. १८६० च्या जनगणनेनुसार साउथ कॅरोलायनाच्या सुमारे सात लाख रहिवाशांपैकी चार लाखांहून अधिक गुलाम होते.

२६ डिसेंबरच्या रात्री संघराज्याच्या सैन्यातील मेजर रॉबर्ट अँडरसन यांनी आपली लहानशी तुकडी बचावास अवघड असलेल्या फोर्ट मोल्ट्रीतून फोर्ट समटर या अपुऱ्या बांधलेल्या किल्ल्यात हलवली. जानेवारीत रसद आणि कुमक घेऊन येणाऱ्या ‘स्टार ऑफ द वेस्ट’ जहाजावर किनाऱ्यावरून तोफा डागण्यात आल्या आणि ते माघारी गेले. फेब्रुवारीत फुटीर राज्यांनी माँटगोमेरी येथे आपले वेगळे सरकार स्थापन केले, किल्ल्यातील शिधा संपत आला आणि १२ एप्रिल १८६१ रोजी पहाटे साडेचार वाजता समोरच्या किनाऱ्यावरून पहिला तोफगोळा सुटला. सुमारे ३४ तासांच्या माऱ्यानंतर अँडरसन यांनी किल्ला सोडण्याचे मान्य केले. लिंकन यांनी ७५,००० स्वयंसेवकांना पाचारण केले आणि आणखी चार राज्ये फुटली.

आता पाहू या, त्यांपैकीच एक असलेल्या व्हर्जिनियातील, पण संघराज्याच्या ताब्यात राहिलेल्या फोर्ट मन्रो किल्ल्याचा हा खंदक. ज्या दिवशी व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटीवर शिक्कामोर्तब केले, त्याच २३ मेच्या रात्री फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी हे तीन गुलाम होडीतून या किल्ल्याकडे आले. पलीकडच्या काठावर त्यांना बंडखोरांच्या तोफांसाठी मोर्चे बांधण्याच्या कामाला जुंपले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मालकाचा दूत त्यांना परत मागायला आला, तेव्हा मूळचे वकील असलेले किल्ल्याचे प्रमुख जनरल बेंजामिन बटलर यांनी त्याला सांगितले की, व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवत असेल, तर पळालेले गुलाम परत करण्याचा अमेरिकेचा कायदा तिला लागू होत नाही. बटलर यांनी त्यांना शत्रूची जप्त मालमत्ता ठरवून ठेवून घेतले. माणसाला मालमत्ता म्हणणारा हा युक्तिवाद सदोषच होता. पण दार उघडले ते या तिघांच्या धाडसाने, आणि जुलैअखेर सुमारे नऊशे स्त्रिया, पुरुष व मुले त्यांच्या मागोमाग येथे पोहोचली होती.

ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, बंडखोरांच्या युद्धकामाला जुंपलेल्या गुलामांवरील मालकांचा हक्क कायद्याने काढून घेतला. १८६३ च्या प्रारंभी बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्तीची घोषणा झाली, तर डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने देशभरातील गुलामगिरी रद्द झाली. युद्धाच्या चार वर्षांत सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले.