आधी दप्तर बघा, मग अर्ज करा

श्रोतेहो, नमस्कार. गावात नवा रस्ता वर्षभरात उखडला की कुणीतरी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतो: ‘रस्त्याचं काम निकृष्ट का झालं?’ उत्तर येतं, प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. यात दरवेळी लपवाछपवी असतेच असं नाही. 2005च्या कायद्यात माहिती म्हणजे दप्तरी असलेली माहिती. ‘का’ दप्तरात सापडत नाही. कागद सापडतो, आणि कागदाला नाव असतं.

ते नाव कळायला आधी दप्तर बघून या. शासनाच्या 2018च्या परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, तसंच स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहता येतात. ग्रामपंचायतीची रोकडवही म्हणजे नमुना 5, कर आकारणी नोंदवही नमुना 8. रस्त्यासाठी मात्र मोजमाप पुस्तिका मागा. तिच्यात लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. टेप घेऊन रस्त्यावर गेलात की निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

मग अर्ज. विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत, वर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट. कामाचं नाव आणि कालावधी नेमका लिहा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. छायांकित प्रतीला पानामागे 2 रुपये. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करायचं, 20 रुपयांचं तिकीट लावून. ‘येईल आज-उद्या’ म्हणत लोक बसून राहतात आणि हीच मुदत हुकते. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती मात्र फुकट द्यावी लागते, हेही ध्यानात असू द्या.

आता ग्रामसभा. वर्षातून किमान चार. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातला कमी आकडा. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! पहिल्या दिवशी गाव घरी बसलं की पुढं मूठभर माणसं ठराव करून मोकळी.

तिथं एक खोड जुनी आहे. सह्या हजेरीच्या म्हणून आधी होतात, ठराव सावकाश मागून लिहिले जातात. उठण्यापूर्वी ठराव वाचून दाखवायला सांगा आणि क्रमांक टिपून घ्या. पुढं अर्जात ठराव क्रमांक आणि तारीख असली, तर ‘कागद सापडत नाही’ म्हणणं कुणालाही जड जातं.