अर्धी प्रार्थना माझी, अर्धी बाकीच्यांची

(जपमाळ हातात, कॅमेऱ्याकडे पाहत)

नमस्कार मंडळी. ही जपमाळ. कुणी हिला रोझरी म्हणतं. गोव्यात या माळेवरच्या प्रार्थनेला तेर्स म्हणतात, त्या शब्दाकडे नंतर येतो.

माझे हिंदू मित्र मला दोन प्रश्न हमखास विचारतात. तुम्ही कॅथलिक लोक तेच तेच पन्नास वेळा काय म्हणता? आणि देव असताना येशूच्या आईकडे, मारियेकडे का मागता? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तर द्यायला मी माझ्या घरापासून सुरुवात करतो, कारण प्रार्थना म्हणजे काय ते मला पुस्तकात कळलं नव्हतं, तिथे कळलं.

माझे वडील गेले तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे वसईत माणूस गेला की पुढचे काही दिवस संध्याकाळी आळीतली माणसं त्या घरी जमतात आणि माळ म्हणतात. पुढच्या खोलीत चटया टाकलेल्या, फोटोसमोर मेणबत्ती. पहिले दोन दिवस मी नुसता बसून होतो. ओठच हलत नव्हते. खरं सांगायचं तर देवावर रागही होता. वडील बरे व्हावेत म्हणून आम्ही थोडं का मागितलं होतं?

तिसऱ्या दिवशी एका वडीलधाऱ्या काकांनी माळ माझ्या हातात दिली. "आज तू सांग." मी सुरू केलं, नमो मरिया, म्हणजे मारियेची ती प्रार्थना जी दर लहान मण्याला एकदा म्हणायची. तीन मणी नीट गेले. चौथ्याला घसा असा दाटला, की ओळ मधेच तुटली.

समोर भिंतीला टेकून बसलेल्या शेजारच्या काकूंनी मान वर न करता माझी उरलेली ओळ पुरी केली. लगेच सगळ्यांनी नेहमीसारखा पुढचा भाग म्हटला. माझ्या बोटांत मणी पुढे सरकला. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

आता ही प्रार्थना कशी बांधलेली आहे ते बघा. तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात देवदूताने मारियेला केलेलं वंदन आणि तिची नातलग अलिशिबा हिचे शब्द आहेत, दोन्ही बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातले. दुसरा भाग म्हणजे विनंती: आम्हां पापी माणसांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. हा भाग चर्चच्या अधिकृत प्रार्थनाग्रंथात १५६८ साली आजच्या रूपात पक्का झाला. घरात माळ होते तेव्हा सांगणारा पहिला भाग म्हणतो, दुसरा बाकीचे म्हणतात. म्हणजे एकट्याने अर्धीच म्हणायची, उरलेली अर्धी दुसऱ्याकडून यायची. मी ही प्रार्थना लहानपणापासून म्हणत आलोय, पण हे माझ्या लक्षात आलं ते त्या चौथ्या मण्यावर.

मारियेचं उत्तरही इथेच आहे. आपण तिला "दे" म्हणत नाही, "आमच्यासाठी विनंती कर" म्हणतो. देणारा देवच. जसं मी काकूंना म्हणेन, माझ्यासाठी प्रार्थना करा, तसंच. आमच्या समजुतीप्रमाणे मरणाने हा शेजार तुटत नाही.

(माळ कॅमेऱ्याजवळ धरून)

हे दहा-दहा मण्यांचे पाच गट. सुटा मोठा मणी आला की प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली. क्रुसाकडच्या या शेपटासकट सगळे मिळून ५९ मणी. आता तेर्स. हा पोर्तुगीज शब्द, अर्थ तिसरा हिस्सा. कशाचा? मठांमध्ये बायबलमधली १५० स्तोत्रं म्हणत. ज्यांना वाचता येत नव्हतं ती साधी माणसं त्याऐवजी १५० वेळा नमो मरिया म्हणू लागली. त्यातला एका वेळेचा हिस्सा ५०, म्हणून तेर्स. दर दहा मण्यांना येशू-मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा, त्याला रहस्य म्हणतात. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी आनंदाच्या, दुःखाच्या आणि गौरवाच्या रहस्यांच्या जोडीला प्रकाशाची पाच रहस्यं दिली, तेव्हा हिशेब दोनशेवर गेला. नाव मात्र तेर्सच राहिलं. मला हा शब्द फार प्रिय आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी आपल्यापुरतं स्तोत्रांचं पुस्तक बोटांवर उभं केलं, त्याची आठवण त्यात आहे.

पण येशूनेच सांगितलं होतं ना, की प्रार्थना करताना बडबड करू नका? सांगितलं होतं, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात. तो रोख होता खूप बोललं की देव ऐकतो असं समजणाऱ्यांवर. त्याच मत्तयाचा सव्विसावा अध्याय काढा. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करतोय: हा प्याला माझ्यावरून टळू दे, तरी माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. तिसऱ्यांदा गेला तेव्हाही त्याने तेच शब्द पुन्हा म्हटले, असं स्पष्ट लिहिलंय. आणि प्याला टळला नाही. वडिलांच्या वेळी मला जे मिळालं नाही, त्याबद्दल मी एवढंच सांगू शकतो. याहून सोपं उत्तर मी तुम्हाला देणार नाही.

दुसऱ्या दिवशी क्रुसावरून तो ओरडतो, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. मरताना त्याच्याही तोंडी आपल्या लोकांची पाठ असलेली ओळ आली. हे वाचलं की अजून अंगावर काटा येतो.

त्याने शिकवलेल्या प्रार्थनेतही "मी" कुठेच नाही. आमच्या पित्या, आमची रोजची भाकर, आम्हांला क्षमा कर. दार लावून एकटे म्हणत असलात तरी तोंडात "आम्ही"च येतं.

मन लागत नाही, आत काहीच वाटत नाही, मग ती प्रार्थना खरी का, असं तरुण मुलं विचारतात. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली. जवळपास पन्नास वर्षं त्यांना आत अंधारच जाणवत होता, देव जवळ असल्याचं वाटत नव्हतं. तरी त्या रोज आपल्या संघातल्या बहिणींबरोबर चॅपेलमध्ये गुडघे टेकत राहिल्या.

जाता जाता एक. तुम्ही ख्रिस्ती नसाल आणि शेजारी कुणी गेलं म्हणून त्या घरच्या माळेला जाणार असाल, तर बिचकू नका. चपला बाहेर काढा, मागे कुठेही बसा. उभं राहायचं, गुडघे टेकायचे, हे बाकीच्यांकडे बघून कळतं, आणि नाही टेकलेत तरी कुणी काही म्हणत नाही. साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. शब्द येत नसतील तर गप्प बसा. माझ्या वडिलांच्या वेळी आमच्या मागच्या घरातले एक मराठा काका रोज यायचे, दाराशी बसायचे, हात जोडून. एक शब्द त्यांना येत नव्हता. शेवटच्या दिवशी मात्र दुसरा भाग सुरू झाला आणि त्यातलं "आता" आणि "मरणाच्या वेळी" एवढंच त्यांच्या आवाजात मला ऐकू आलं.