उलार

[पहाट. निफाडजवळची द्राक्षबाग. ओळींमधून शेकोट्यांचा धूर.]

डिसेंबरात पारा घसरला की निफाडकडच्या बागांत रात्रभर शेकोट्या पेटतात. घड वाचावेत म्हणून. तरी एखाद्या पहाटे पानावरचं दव गोठतंच. नखानं खरवडलं की पांढरा चुरा हाताला लागतो. बर्फाशी आमची ओळख एवढीच. आणि गारपीट. २०१४ च्या मार्चमध्ये बांधाला गारांचे ढीग लागले होते. आमच्या अप्पांनी ते फावड्यानं ओढले. त्या दिवसाबद्दल ते अजूनही फारसं बोलत नाहीत.

अप्पा माझे चुलते. नाशिकला आडगाव नाक्याकडे त्यांचं कमान-पाट्यांचं, म्हणजे गाड्यांच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, काम आहे.

[गॅरेज. जॅकवर उचललेली पिकअप. घणाचे ठोके.]

टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे निघालेल्या पिकअप बघा. एका क्रेटमध्ये २० किलो माल. दीड टनाच्या गाडीत ७५ क्रेट भरले की हिशेब संपला, रिकाम्या क्रेटचं वजन वेगळंच. पण भरणारे थांबत नाहीत, वर आणखी थर चढतात. मागचे पाटे सपाट होतात, गाडीचं नाक वर येतं आणि घाटात स्टिअरिंग हलकं लागतं. अप्पा त्याला बैलगाडीचा शब्द वापरतात : "उलार झाली." मागं भार जास्त झाला की जू वर उचललं जातं, बैलाच्या खांद्यावर वजनच राहत नाही. तसं.

माझा भाऊ कॅनडात, ओंटारिओमधल्या बॅरीला असतो. तिथं थंड वारा ह्युरॉन सरोवराच्या आणि जॉर्जियन बेच्या त्या मानानं उबदार पाण्यावरून येताना बाष्प उचलतो आणि किनाऱ्याला लागला की बर्फ ओततो. गेल्या वर्षी त्यानं एक जुनी हलकी पिकअप घेतली. पुढं बर्फ लोटायचं पातं लावायचं आणि गल्लीतल्या चार घरांपुढची वाट मोकळी करायची, असा बेत होता. पात्याचा फोटो बघून अप्पा म्हणाले, "अरे, ही तर आपली माती ओढायची केणी. आपली मागं ओढायची, ह्यांची पुढं ढकलायची."

मग त्यांनी वजन विचारलं. हलक्या गाडीचं पातंसुद्धा दोनेकशे किलोचं असतं.

गॅरेजच्या भिंतीवर खडूनं गाडी काढली गेली. समजा, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३.६ मीटर. पातं पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढं, १.२ मीटरवर लोंबतंय. तर २०० किलोचं पातं पुढच्या अ‍ॅक्सलवर २०० किलो पडत नाही, साधारण २६७ पडतं. वरचे ६७ येतात ते मागच्या अ‍ॅक्सलवरून उचलले जातात. म्हणजे ही उलट्या बाजूची उलार. नाक खाली, मागची चाकं हलकी, आणि खाली बर्फ.

"मग पुढची स्प्रिंग कडक टाकू का, अप्पा?"

अप्पांना हा प्रश्न रोज येतो. आपल्याकडे 'एक जादा पाटा टाका' म्हणून येतो. उत्तर तेच : पाटा वाढवला म्हणून अ‍ॅक्सल मोठा होत नाही, बेअरिंग मोठं होत नाही, ब्रेकही मोठा होत नाही. गाडी फक्त सरळ दिसते. त्यांनी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो मागवला. पुढच्या अ‍ॅक्सलला किती झेपतं ते त्यावर छापलेलं असतं. तो आकडा आधी, पातं नंतर. नवी गाडी घेताना कंपनीकडूनच बर्फाच्या कामाची तयारी करून मिळते, त्यात पुढच्या स्प्रिंग आणि अल्टरनेटर भक्कम असतात. जुन्या गाडीचं तसं नसतं.

आकडा बसला, पण थोडक्यात. म्हणून हलकं, सरळ पातं घेतलं, आणि मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागं वाळूच्या गोण्या. तिथं ठेवल्या तर मागची चाकं रस्ता धरतात आणि पुढचा भारही थोडा उचलला जातो. गोण्या बांधायच्या मात्र घट्ट. ब्रेक लागला की सुटी गोणी थेट केबिनवर येते.

आणि बर्फ स्वतः किती जड? ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो. ओला होऊन बसला की ३०० च्या वर. २० मीटर लांब, ३ मीटर रुंद वाटेवर वीतभर, म्हणजे २० सेंटीमीटर, बर्फ पडला तर १२ घनमीटर होतो. ताजा असेल तर हा माल जास्तीत जास्त १,२०० किलो, तेवढ्याच जाडीचा ओला, बसलेला बर्फ असेल तर ३,६०० च्या पुढं. म्हणून थोडा थोडा पडतानाच दोन-तीनदा काढायचा. पूर्ण थांबायची वाट बघणाऱ्याचा गिअरबॉक्स जातो.

गिअरबॉक्सचं तर भावानं जवळजवळ वाटोळंच केलं होतं. पुढं, मागं, पुढं, मागं, गाडी पुरती थांबायच्या आत गिअर. अप्पा व्हिडिओ बघूनच ओरडले, "थांब आधी! मग बदल."

एकदा पातं वर उचलून तो हायवेनं निघाला आणि बाहेर उणे १० असताना इंजिनचा काटा चढला. रेडिएटर बदलायला निघाला होता. अप्पांनी एवढंच विचारलं, "जाळीपुढं काय आहे?" मळणीत भुसा बसून ट्रॅक्टरची जाळी गच्च झालेली त्यांनी शंभरदा पाहिलीय. उचललेलं पातं वारा अडवत होतं. थोडं खाली घेऊन, वेग कमी ठेवल्यावर काटा उतरला. हेच पातं हेडलाइटही झाकतं, म्हणून वर वेगळे दिवे लावावे लागतात.

[दुपार. गॅरेज. फोनवर व्हिडिओ कॉल.]

आपले दुपारचे अडीच, तिथले पहाटेचे चार. बाहेर बर्फ पडतोय. टॉर्चच्या उजेडात भाऊ मागचा फाळका उघडतो.

"गोण्या?"

"अ‍ॅक्सलच्या मागं. बांधल्यात, अप्पा."

"पट्टा ओढून दाखव."

तो ओढून दाखवतो. अप्पा फोन बाकावर ठेवतात. नाक वर केलेली एक पिकअप दारात येऊन उभी आहे, क्रेट अजून उतरायचेत.