गळ्यातली काळी फीत

नमस्कार श्रोतेहो.

आज चित्रांबद्दल बोलायचं आहे, आणि तेही रेडिओवर. म्हणजे आंधळी कोशिंबीरच. पण ज्या गोष्टीबद्दल मी बोलणार आहे ती सातवीतल्या माझ्या भाचीला फार वेळ न लावता सापडली, तेव्हा तुम्हालाही सापडेल.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे होती. माझ्याकडे चित्रांच्या पोस्टकार्डांचा एक जुना डबा आहे. त्यातली पाच कार्डं मी जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली आणि म्हटलं, सांग, या पाचांत सारखं काय? सगळी फ्रेंच चित्रं, एकोणिसाव्या शतकातली, एदुआर माने या एकाच चित्रकाराची. एवढं मी आधीच सांगून टाकलं, कारण ते उत्तर मला नको होतं.

पहिलं कार्ड म्हणजे एका तरुणीचा नुसता चेहरा. तांबूस केस, त्यात निळी फीत, गळ्यात काळी फीत. दुसऱ्यात राखाडी कपड्यातली एक गाणारी बाई दार ढकलून बाहेर येतेय, काखेत गिटार, आणि कागदाच्या पुडीतल्या चेरी तोंडाला लावतेय. तिसऱ्यात बैलांशी झुंजणारा स्पॅनिश मातादोर. नीट पाहिलं तर तो पुरुष नाही, पुरुषाच्या वेषातली बाई आहे. हातात तलवार, दुसऱ्या हातात गुलाबी कापड, पायांत असले बूट की बैल सोडाच, शेळीसमोरही पळता येऊ नये. चौथ्यात गुलाबी घोळदार झगा, शेजारी दांडीवर पोपट, खाली अर्धवट सोललेलं संत्रं. पाचव्यात लोखंडी गजांचं कुंपण, त्यापुढे बसलेली एक स्त्री, मांडीवर झोपलेलं कुत्र्याचं पिल्लू आणि उघडं पुस्तक. शेजारी एक लहान मुलगी आपल्याकडे पाठ करून गजांतून पलीकडे बघतेय. पलीकडे नुसती पांढरी वाफ. चित्राचं नाव ‘रेल्वे’ आणि आगगाडी कुठेच नाही!

भाचीने आधी काळी फीत पकडली. पहिल्या कार्डात आहे, पोपटवाल्यात आहे, कुंपणाच्या चित्रातही आहे. पण मातादोरच्या गळ्यात ती नाही, म्हणून गाडी अडली. मग ती म्हणाली, “मावशी, ही सगळीकडे आपल्याकडेच बघतेय. ही तीच बाई आहे ना?”

होय, तीच. व्हिक्टोरीन म्युरां. जन्म १८४४चा, पॅरिसचा. माने तिला भेटला तेव्हा ती अठरा वर्षांची होती, आणि इतर चित्रकारांकडेही मॉडेल म्हणून बसत होती. ठेंगणी आणि तांबड्या केसांची, त्यामुळे तिचं टोपणनाव होतं ‘कोळंबी’. आपल्याकडे गोऱ्या-गुटगुटीत पोराला बटाटा म्हणतात, त्यातलाच प्रकार.

खरं तर डब्यात आणखी दोन कार्डं होती, ती मी आतच ठेवली होती. तीच सगळ्यात गाजलेली, आणि ती का गाजली हे सातवीतल्या मुलीला सांगायला आणखी थोडी वर्षं जावी लागतील. तुम्हाला सांगायला हरकत नाही.

त्यातलं एक ‘गवतावरचं भोजन’. रानात दोन पुरुष सूट-बूट घालून गप्पा मारत बसलेत आणि त्यांच्या शेजारी एक विवस्त्र स्त्री, हनुवटीला हात लावून थेट आपल्याकडे बघणारी. १८६३ साली पॅरिसच्या सरकारी वार्षिक प्रदर्शनाने, म्हणजे सलोंने, ते नाकारलं. त्या वर्षी इतकी चित्रं परत गेली आणि इतकी ओरड झाली, की सम्राट तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्या चित्रांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं. लोक हसायला म्हणून तिथे गेले. मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मातादोरचं चित्रही त्याच प्रदर्शनात होतं. एकच बाई एका चौकटीत पुरुषाच्या कपड्यात आणि दुसरीत बिनकपड्यांची, आणि दोन्हीकडे नजर तीच, सरळ. नटी भूमिका बदलते तसं ती करत होती, फक्त नटीचं नाव जाहिरातीत छापतात.

दुसरं ‘ऑलिम्पिया’. १८६३मध्ये रंगवलेलं, १८६५मध्ये सलोंमध्ये लागलेलं. पलंगावर आडवी झालेली स्त्री, केसांत फूल, एक सपाता पायातून निसटलेला, पायथ्याशी शेपूट ताठ केलेली काळी मांजर, आणि फुलांचा गुच्छ घेऊन आलेली कृष्णवर्णीय दासी. त्या दासीसाठी बसलेल्या मॉडेलचं नाव लोर. आणि इथेही गळ्यात आपली काळी फीत. तिशन या जुन्या इटालियन चित्रकाराच्या व्हीनस देवीच्या चित्राची मांडणी मानेने जशीच्या तशी उचलली होती, त्यामुळे नग्नतेचं पॅरिसला नवल नव्हतं. भिंती देवतांनी भरलेल्याच होत्या. पण देवता लाजतात, झोपतात, कुठेतरी आभाळाकडे बघतात. ही आपल्याकडे बघत होती, दार वाजवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी. लोक इतके खवळले की शेवटी ते चित्र उंच, दाराच्या वर नेऊन टांगावं लागलं.

आणि शिव्या खाल्ल्या कोणी? मानेने खाल्ल्याच, पण त्याच्या नावापुढे पुढे ‘महान’ लागलं. व्हिक्टोरीनबद्दल मात्र पुस्तकांतून वर्षानुवर्षं एकच लिहिलं गेलं, की ती दारूत बुडाली आणि लवकर मेली. चित्रातल्या बाईचं चारित्र्य खऱ्या बाईला चिकटवून मोकळे.

प्रत्यक्षात ती चित्रकला शिकत होती. १८७६ साली सलोंने मानेची दोन्ही चित्रं परत पाठवली, आणि त्याच सलोंने व्हिक्टोरीनचं आत्मचित्र स्वीकारलं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडी हसले. मानेने मग आपली चित्रं स्वतःच्या स्टुडिओतच मांडली. १८७९मध्ये तर दोघांचीही चित्रं निवडली गेली आणि एकाच दालनात लागली. तिच्या चित्रात सोळाव्या शतकातली न्यूरेंबर्गची एक गृहिणी होती. पुढे १९०३मध्ये फ्रेंच कलावंतांच्या संस्थेने तिला सभासद करून घेतलं.

पण पैशाचं काय? माने १८८३च्या एप्रिलमध्ये वारला. त्याच उन्हाळ्यात व्हिक्टोरीनने त्याच्या पत्नीला, सुझानला, एक पत्र लिहिलं. चित्रं विकली गेली की तुलाही काही देईन असं तुमच्या यजमानांनी मला सांगितलं होतं, तेव्हा मीच नको म्हटलं होतं, मॉडेल म्हणून बसणं जमेनासं होईल तेव्हा आठवण करून देईन असं बोलले होते, ती वेळ आता आली आहे, असा त्या पत्राचा आशय. विनवणीचा सूर नाही. आपला हिशेब पुढे ठेवावा तसं पत्र आहे. सात वर्षांनी, १८९०मध्ये, चित्रकार क्लोद मोनेने वर्गणी गोळा करून ‘ऑलिम्पिया’ सरकारसाठी विकत घेतलं. माने वेगळा आणि मोने वेगळा बरं का, पॅरिसवाल्यांचाही घोटाळा व्हायचा. जवळजवळ वीस हजार फ्रँक जमले. ते सुझानकडे गेले. आज ते चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

व्हिक्टोरीन पॅरिसबाहेर कोलोंब या गावी मारी द्युफूर नावाच्या मैत्रिणीबरोबर घर करून राहिली. लवकर मेली म्हणतात ती बाई १९२७ साली गेली, त्र्याऐंशीव्या वर्षी. सरकारी नोंदीत तिने आपला व्यवसाय कलावंत असाच सांगितला होता. तिचं एक चित्र २००४मध्ये सापडलं, हातात सणाची डहाळी घेतलेल्या तरुणीचं, ते आता कोलोंबच्याच संग्रहालयात आहे. आणि तिचं एक आत्मचित्र २०२१मध्ये बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाने घेतलं. मी सुरुवातीला सांगितलेलं पहिलं कार्ड, ती निळी फीत आणि काळी फीत, तेही याच संग्रहालयात आहे, आणि चेरी खाणारी गायिकासुद्धा. मानेची दोन चित्रं आणि तिचं एक, असं एकाच छपराखाली.

भाचीला हे सगळं सांगून झाल्यावर तिने पुन्हा चेरीवालीचं कार्ड उचललं आणि विचारलं, “हिला गिटार खरंच वाजवता यायची का?”

यायची. गिटारही आणि व्हायोलिनही, ती शिकवण्याही करायची. १९३०मध्ये मारी द्युफूर गेल्यावर कोलोंबचं ते घर रिकामं केलं गेलं. शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांना पुढे कित्येक वर्षं ते आठवत होतं. उरलंसुरलं सामान लोकांनी होळी करून जाळलं. त्यात एक व्हायोलिन होतं, त्याच्या पेटीसकट.

नमस्कार.