यंत्रातला हात आणि रुग्णाची उमेद

रोबोटच्या मदतीने हाताचे व्यायाम म्हटलं की अनेकांना वाटतं, यंत्र हात हलवील आणि रुग्णाने नुसतं बसून राहायचं. मला आज नेमकं याच्या उलट सांगायचं आहे. यंत्राने सगळं काम अंगावर घेतलं की रुग्णाचं मन व्यायामातून उठतं, आणि मन उठलं की हजार वेळा हात हलूनही हाती फार थोडं लागतं.

हे यंत्र आलं ते सरावासाठी. पक्षाघातानंतर हात पुन्हा चालता व्हायचा तर मेंदूला भरपूर सराव लागतो, आणि तो नेहमीच्या उपचारात होत नाही. कॅथरिन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचाराच्या सत्रांत रुग्ण प्रत्यक्षात किती हालचाली करतात ते मोजलं. २००९ साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं. एखादी वस्तू घेण्या-ठेवण्यासारख्या उपयोगाच्या हालचाली सत्राला सरासरी ३२ भरल्या. २०१० साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली चाचणी प्रसिद्ध झाली. तिथे रोबोटवर एका सत्रात हजाराच्या घरात हालचाली झाल्या. फरक केवढा आहे बघा! पण ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१९ साली आला, आणि त्यात रोबोटवर सराव केलेल्यांच्या हाताचं काम नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सुधारलेलं दिसलं नाही. म्हणून यंत्र टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. पण नुसती हालचालींची संख्या वाढवून भागत नाही, एवढं त्यातून घ्यायलाच हवं.

आता रुग्णाच्या शेजारी बसून पाहू. एमआयटीत नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्ज यांनी घडवलेलं यंत्र घ्या. रुग्ण टेबलाशी बसलेला, कोपरापासून पुढचा हात पट्ट्यांनी आधारात बांधलेला. पडद्यावर मधोमध एक ठिपका, भोवती आठ. मधून बाहेर जायचं, परत मध्ये यायचं. रुग्ण हात पुढे न्यायला लागतो, अर्ध्या वाटेत ताकद संपते, आणि उरलेली वाट यंत्र त्याला नेऊन सोडतं. पहिल्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर आनंद असतो. हात पोचला ना! पण यंत्र दर वेळी नेऊन सोडणारच, हे शरीर फार लवकर ओळखतं आणि आपला जोर काढून घेतं. हा रुग्णाचा आळस नव्हे. वाचेल तेवढा जोर वाचवायचा, ही आपल्या सगळ्यांच्याच शरीराची रीत आहे. डेव्हिड राइन्केन्समायर यांच्या गटाने त्यावर एक सुरेख तोड काढली: यंत्राने आपली मदत आपणहून थोडी थोडी कमी करत राहायचं. रुग्णाने जोर लावला नाही, तर हात मागे पडतो, आणि ते त्याला स्वतःला दिसतं.

मात्र मदत किती कमी करायची, हा प्रश्न नाजूक आहे. दर वेळी जमलं तर कंटाळा येतो आणि सारखं फसलं तर माणूस खचतो. बहुतेक वेळा जमावं, अधूनमधून चुकावं, इतपत अवघड ठेवा. आणि रुग्णाचा चेहरा बघत बदला, कारण सकाळी जमलेलं दुपारी थकल्यावर जमत नाही.

यंत्राच्या पडद्यावरच्या खेळांबद्दल थोडं. त्यांत मिळणारे गुण पहिले काही दिवस ओढून नेतात, मग नवलाई ओसरते. त्याहून वाईट म्हणजे हे गुण फसवतात. रुग्ण कोपर सरळ न करता कमरेतून पुढे झुकतो, खांदा कानापर्यंत उचलतो, आणि लक्ष्य गाठतो. यंत्र टाळ्या वाजवतं, आणि चुकीची सवय पक्की होते. त्यापेक्षा त्याला त्याच्याच हाताची रेघ दाखवा: गेल्या आठवड्यात वाट अशी नागमोडी होती, आज इतकी सरळ. डोळ्यांना न दिसणारी सुधारणा यंत्र मोजू शकतं, आणि माझ्या मते उमेद टिकवायला यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. पण रेघ सुधारली नसेल, तर सुधारली असं सांगू नका. रुग्णाला खोटी शाबासकी लगेच कळते.

आणि कृपा करून ‘पेशंट को-ऑपरेट करत नाही’ असं फाइलमध्ये लिहिण्याआधी थांबा. पक्षाघातानंतर साधारण दर तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. काहींना दुःख होत नाही, पण कशातच रस उरत नाही. ती उदासीनता वेगळी, ती मेंदूच्या इजेतूनच येते. डावीकडचे ठिपके जो वारंवार सोडतो, त्याचं डाव्या बाजूचं भानच गेलेलं असू शकतं. वाचाघात झालेल्याला, म्हणजे मेंदूच्या इजेने भाषा बिघडलेल्याला, तुमची सूचनाच कळलेली नसू शकते. यातलं काहीही ‘अजून थोडं, शाब्बास’ म्हणून बरं होणार नाही. ते आधी ओळखावं लागतं, त्यावर उपचार करावे लागतात.

शेवटचं सांगायचं ते पट्टे सोडल्यानंतरचं. अधू हात वापरून बघायचा, तो फसायचा, मग धडधाकट हातानेच सगळं उरकायचं, असं होत होत अधू हात विसरला जातो. एडवर्ड टाऊब यांनी हे फार पूर्वी दाखवून दिलं. म्हणून सत्राची शेवटची दहा मिनिटं यंत्र बंद ठेवा. तुम्हाला स्वतःला काय करावंसं वाटतं, हे रुग्णाला विचारा. कुणाला सही करताना कागद दाबून धरायचा असतो, कुणाला बाहीत हात स्वतः घालायचा असतो. तेच करून घ्या. घरच्यांना तिथेच बोलवा आणि बाही ओढायला त्यांचा हात पुढे आला, तर त्यांना थांबवा. बाहीला पाच मिनिटं लागली तरी चालतील. पुढच्या सत्रात यंत्रावर कुठली हालचाल घ्यायची, तेही त्यावरूनच ठरवा.