काचेखाली काय अंथरावे?

मित्रहो, दुर्बिणीचा आरसा हाताने घासणारी मंडळी भेटली, की कार्बोरंडमच्या, म्हणजे काच घासायच्या पुडीच्या, नंबरांवर आणि पिचच्या, म्हणजे पॉलिश करताना वापरायच्या डांबरासारख्या पदार्थाच्या, मऊपणावर तासन्‌तास बोलणे होते. पण आरशाच्या पाठीखाली काय अंथरले आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. आज मला त्या अंथरणाविषयीच बोलायचे आहे.

माझा पहिला आरसा २०० मिलिमीटर व्यासाचा आणि २५ मिलिमीटर जाडीचा होता, म्हणजे वजन जेमतेम २ किलो. पॉलिश करताना पिचची चकती काचेला अशी धरते, की हाताबरोबर आरसाही तिच्यामागे ओढला जातो. ते थांबवण्यासाठी मी पाटावर टणक रबराच्या दोन समांतर पट्ट्या चिकटवल्या. पकड इतकी पक्की बसली, की आरसा दर थोड्या वेळाने फिरवून ठेवण्याचा नेमही मी सोडून दिला. फूकोच्या चाचणीत, म्हणजे आरशाचा आकार तपासायच्या नेहमीच्या चाचणीत, तो निर्दोष दिसला, कारण दोन दिशांना वेगळी वक्रता असण्याचा त्यातला दोष तिथे सहज लपतो. पुढे दुर्बिणीतून तारा पाहिला, तेव्हा नाभीच्या (फोकसच्या) एका बाजूला तो उभा लांबट दिसत होता आणि दुसऱ्या बाजूला आडवा. पट्ट्यांवरची काच ताठ राहून जास्त घासली गेली होती आणि मधली काच हाताखाली दबून वाचली होती. हिरव्या प्रकाशासाठी चुकीची मर्यादा पाव तरंगलांबी धरली, तर आरशाच्या पृष्ठभागावर सुमारे ७० नॅनोमीटरचीच सूट मिळते, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग. आणि असा अधांतरी ठेवलेला आरसा तेवढा वाकायला हाताचा दाब पुरतो. तो आरसा मला पुन्हा बारीक पुडीपासून घासावा लागला.

पाचच मिनिटे उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा निवडीचा मुद्दा थोडक्यात सांगतो. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हा फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों यांनी १६९९ मध्ये मांडलेला नियम रबर पाळत नाही. मऊ रबर काचेला बिलगते, आणि तेच वजन मोठ्या क्षेत्रावर पसरले, तर पकड वाढते. त्यामुळे पूर्ण पाठीखाली मऊ अंथरण घातले, की घट्ट पकड आणि सारखा आधार या दोन्ही गरजा एकदमच भागतात.

मात्र सपाट रबरी शीट ओली झाली, की पाणी अडकून काच तिच्यावरून घसरते. ड्रॉवरमध्ये अंथरतात ती जाळीदार चटई पाण्याला वाट देते, म्हणून ती घ्यावी. पण पुडीचा नंबर बदलताना ती धुवावी, नाहीतर अडकलेला जाड कण पुढच्या टप्प्यात चरा पाडतो. भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या घड्याही चांगल्या, कारण त्या दर टप्प्याला फेकून देता येतात. आरसा बाजूला सरकू नये म्हणून कडेला लावतात ते तीन ठोकळे काचेला आवळू नयेत. मध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट हवी.

पुढच्या टेबलावर तिन्ही नमुने, एक काच आणि पाण्याची वाटी ठेवली आहे. प्रत्येक अंथरण आधी कोरडे आणि मग ओले करून काच हाताने ढकलून पाहावी.