फोनच्या डब्यावर कॅलिफोर्नियाचं नाव काहून असते?

नमस्कार मंडळी. आज कॅमेरा माझ्या बहिणीच्या हातात आहे, थोडा हलला तर सांभाळून घ्या. मागं जे पांढरं दिसून राहिलं ना, तो कापूस आहे, दुसऱ्या वेचणीचा, घरातच भरून ठेवला कारण भाव पाहून न्यायचा आहे.

तर झालं असं की परवा आम्ही पांढरकवड्याला गेलो होतो मोबाइलच्या दुकानात, मोठ्या बाबांना फोन घ्यायचा होता. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. त्यांची अट एकच, चायनाचा नको. २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान गेले तेव्हापासून ते या गोष्टीवर पक्के आहेत, अन् मला त्यांचं ते पक्केपण आवडते. दुकानदार भाऊनं पहिला फोन काढला, म्हणे काका हा मेड इन इंडिया हाय. मोठ्या बाबांनी चष्मा लावला, डबा उलटा केला अन् विचारलं, पण कंपनी कोणाची? कंपनी चायनाची. दुसरा काढला, कंपनी कोरियाची, फोन बनला नोएडाला. मग काचेच्या आत एक आयफोनचा डबा होता, घ्यायचा नव्हता, नुसता पाहायला मागितला त्यांनी, तर त्याच्यावर बारीक इंग्रजीत लिहिलं होतं, डिझाइन्ड बाय अॅपल इन कॅलिफोर्निया, असेम्बल्ड इन इंडिया. मी वाचून दाखवलं, अर्थ सांगितला, म्हटलं याचा नकाशा कॅलिफोर्नियात निघाला अन् जोडला आपल्या इथं. ते म्हणाले, "मंग हा कोणाचा व बाई?"

मला उत्तर देता आलं नाही. दुकानदारालाही नाही आलं. घरी आली, दोन रात्री वाचत बसली, त्याच्यावरच आज बोलून राहिली मी.

ही ओळ अॅपलच्या वस्तूंवर आधीपासूनच आहे. पूर्वी तिच्यापुढं असेम्बल्ड इन चायना असायचं, अक्षरं इतकी बारीक की कोणी वाचतही नव्हतं. पण २०१३ च्या जूनमध्ये अॅपलनं ती ओळ वस्तूच्या पाठीवरून उचलली अन् जाहिरातीच्या मधोमध आणून ठेवली. १० जूनला त्यांचा डेव्हलपर लोकांचा कार्यक्रम होता सॅन फ्रान्सिस्कोत, तिथून हे सुरू झालं, मग टीव्हीवर, मग पेपरात पान भरून. जाहिरातीत भाव नाही, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते नाही. लोक आपापल्या रोजच्या कामात फोन अन् आयपॅड वापरून राहिले, अन् मागून एक शांत आवाज सांगते की वस्तू बनवताना ती माणसाला कशी वाटेल हे आम्ही आधी पाहतो, एकेका गोष्टीला भरपूर वेळ देतो, अन् ही आमची सही आहे. मग सही म्हणून ती अर्धी ओळ येते, डिझाइन्ड बाय अॅपल इन कॅलिफोर्निया. अर्धीच. दुसरा अर्धा भाग, म्हणजे जोडला कुठं, तो जाहिरातीत आलाच नाही.

आता लोकांना ती कशी वाटली ते पाहा. अमेरिकेत एस मेट्रिक्स नावाची कंपनी होती, ती लोकांना जाहिराती दाखवून मार्क द्यायची. तिच्याकडे या जाहिरातीला ४८९ मार्क पडले अन् त्या धंद्यातल्या जाहिरातींची सरासरी होती ५४२. मागच्या वर्षभरात अॅपलच्या ज्या २६ टीव्ही जाहिराती तिनं मोजल्या होत्या त्यांच्यात ही सगळ्यात खाली. लक्षात घ्या, अॅपल ही तीच कंपनी आहे जिच्या जाहिराती लोक एरवी आवडीनं पाहतात.

काहून असं झालं? काही लोक म्हणाले की ही स्वतःचीच आरती ओवाळणं झालं, आम्हाला वस्तू दाखवा, तुम्ही किती विचार करता ते नका सांगू. काहींना आवडलीही, ते म्हणाले की बाजारात सगळे फोन सारखेच दिसायला लागले तर ज्यानं मूळ डोकं चालवलं त्यानं आपलं नाव का नाही सांगायचं, अन् हे म्हणणंही खोटं नाही. पण टायमिंग असं होतं की त्याच्याच आधी, २०१३ च्या मे महिन्यात, अॅपलचे प्रमुख टिम कुक यांना अमेरिकेच्या सिनेटसमोर बसवून विचारलं होतं की तुमचा एवढा नफा आयर्लंडच्या कंपन्यांमध्ये कसा काय जमा होते अन् त्याच्यावर टॅक्स एवढा कमी काहून. मग लोक बोलणारच ना, की अभिमान कॅलिफोर्नियाचा अन् पैसा आयर्लंडला.

अन् चीनची गोष्ट तर होतीच. २०१० मध्ये शेन्झेनला, फॉक्सकॉनच्या कारखान्यात, जिथं आयफोनसारख्या वस्तू जोडल्या जातात, तिथल्या तरुण कामगारांनी एकामागून एक आत्महत्या केल्या, इमारतींना जाळ्या लावायची वेळ आली. मी यवतमाळ जिल्ह्यातली आहे. हे वाचताना मला काय झालं ते तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, आपल्याकडे प्रत्येक गावात एक तरी घर असं आहे. तिथलीही पोरं खेड्यातूनच आलेली होती, शेती सोडून. तेव्हा ज्यांनी तीन वर्षांनी टीव्हीवर ती अर्धी ओळ पाहिली अन् ज्यांना ते जुनं आठवलं, त्यांना राग आला असेल तर तो बरोबर होता असं माझं मत आहे.

आता माझा चुलत भाऊ. आयटीआय झाल्यावर तो पुण्याकडे एका कंपनीत लागला, टीव्ही जोडायच्या लाइनवर, ठेकेदारामार्फत. कंपनीचं नाव मी घेत नाही. त्याच्यासमोर पट्ट्यावरून टीव्ही यायचा, पालथा, अन् त्यानं हवेच्या स्क्रू ड्रायव्हरनं मागच्या कव्हरचे चार स्क्रू मारायचे, वरचे दोन, खालचे दोन, पुढचा टीव्ही. शिफ्टभर हेच. तो म्हणायचा की मी कधी टीव्हीचं तोंडच नाही पाहिलं, पाठच पाहिली. सात महिन्यांनी ब्रेक दिला अन् परत नाही घेतलं. दिवाळीत त्याच्या घरी टीव्ही आला, सगळे समोर बसले रिमोट घेऊन, अन् हा टीव्हीच्या मागं वाकून अंगठ्यानं स्क्रू दाबून पाहून राहिला. मला म्हणे, "पाह्य, खालचा डावा तिरपा बसला, त्याची बोटं दुखत असन."

ज्यानं तो स्क्रू मारला त्याला हा ओळखत नाही, पण त्याचं बोट दुखते हे याला माहीत आहे. डब्यावर त्या बोटाची जागा फक्त एका शब्दात असते, असेम्बल्ड.

अन् त्या शब्दाच्या वाट्याला पैसा किती येते, हे लोकांनी मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या तीन अभ्यासकांनी, क्रेमर, लिंडन अन् डेड्रिक, २०१० चा आयफोन घेतला अन् त्याच्या विक्रीच्या किमतीचे तुकडे करून पाहिले. १०० मधले ५८.५ अॅपलचा नफा. चीनमधल्या कामगारांची मजुरी १.८. बाकी सुटे भाग बनवणाऱ्या कोरियाच्या, जपानच्या, तैवानच्या, अमेरिकेच्या कंपन्या, कच्चा माल वगैरे. त्याच्या आधीच्या २००९ च्या फोनचाही असाच हिशेब झाला होता, सगळ्या भागांसकट फोन तयार करायचा खर्च १७८.९६ डॉलर, त्यात जोडणीचे साडेसहा. म्हणजे डिझाइन कुठं झालं ही ओळ पैशाचा मोठा वाटा कोणाकडे थांबला ते सांगते, अन् मोठ्या बाबांचा प्रश्न पैशाचा धरला तर उत्तर इथंच मिळते.

डिझाइन म्हणजे काहीच नाही असं मी बिलकुल नाही म्हणत. आमच्या विदर्भात भंडारा जिल्ह्यात करवतकाठी विणतात, टसरच्या साडीच्या काठाला करवतीसारखे दात, ते दात सरळ यायला किती डोकं लागते ते विणकराला विचारा. पण तिथं विचार करणारा अन् विणणारा एकाच गावचा असते, कितीदा एकाच घरचा, अन् त्या साडीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते जिथं विणली जाते त्या मुलखाची वस्तू म्हणून. फोनमध्ये डोकं एका देशात अन् हात दुसऱ्या देशात, म्हणून नाव कोणाचं लावायचं हा झगडा.

हा झगडा जुनाच आहे. १८८७ मध्ये इंग्लंडनं कायदा केला, मर्चंडाइज मार्क्स अॅक्ट, कारण जर्मनीतल्या झोलिंगनचे चाकू-कात्र्या इंग्लंडमधल्या शेफील्डचा शिक्का मारून विकल्या जायच्या, मग इंग्रज म्हणाले की बाहेरच्या मालावर त्याच्या देशाचं नाव पाहिजे, म्हणजे लोक तो घेणार नाहीत. झालं उलटंच. माल चांगला निघाला अन् मेड इन जर्मनी हेच मानाचं नाव झालं. आपल्याकडेही पूर्वी कोणी स्वस्तातली टॉर्च आणली अन् तिच्यावर मेड इन यूएसए असलं की म्हातारे म्हणायचे, उल्हासनगरची आहे रे ती. नावाची किंमत लोकांना तेव्हाही कळत होती.

अन् डिझाइनचा पैसा शेतकऱ्यानं कधीच दिला नाही असं समजू नका, आपण तर फोनच्या आधीपासून देऊन राहिलो. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बी इथं तयार होते, हैदराबादकडे, गुजरातकडे, शेतात बायका फुलाला फूल लावून संकर करतात, पण बोंडअळीसाठी त्याच्यात जे जीन टाकलं ते अमेरिकेतल्या कंपनीचं. त्याची फी पाकिटाच्या भावात लागलेली असायची, ट्रेट फी म्हणतात तिला, सरकारनं ती कमी करत करत २०२० मध्ये शून्यावर आणली. बाबांना मी हे आत्ता सांगितलं तर ते म्हणाले, आपुन बियाचे पैसे देतो असं वाटे, हे त नकाशाचे पैसे होते.

बरं, हे पाहा. जवळ घे कॅमेरा, अजून जवळ. हा दादाचा लग्नातला शर्ट. कॉलरच्या आत हा मोठा टॅग, चमकदार, भरतकाम केलेला, इटालियन डिझाइन लिहिलं आहे. अन् इथं बाजूच्या शिवणीत, खाली, हा छोटासा पांढरा टॅग जो टोचते म्हणून आपण कापून टाकतो. याच्यावर लिहिलं आहे, १०० टक्के कॉटन, मेड इन इंडिया. दुकानात मोठा टॅग वर ठेवून घडी घातली होती, छोटा दिसतच नव्हता.

याचा हिशेब मी बाबांजवळ बसून केला. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये, म्हणजे जिथं कापसातून सरकी वेगळी काढतात तिथं, नेला तर रुई निघते साधारण ३४-३५ किलो, बाकी सरकी. शर्टाला, सूत काढताना जाणारं धरून, पाव किलो रुई धरा, म्हणजे पाऊण किलो कापूस. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८११० रुपये क्विंटल, किलोला ८१, पाऊण किलोचे साठ रुपये. शर्ट घेतला १९९९ रुपयांना. अन् हे साठ रुपये हमीभाव मिळाला तर, ओलावा जास्त आहे म्हणून कापले नाहीत तर, अन् त्याच्यातूनच वेचणीची मजुरी, बी, खत, फवारणी. बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी शर्टाची बाही बोटांत धरून कापड चोळून पाहिलं, जसं बोंडातला कापूस ओढून धागा पाहतात तसं.

आता फोनचं सांगते, कारण बदल होऊन राहिला. २०१७ मध्ये बंगळुरूत आयफोन जोडणं सुरू झालं, मग तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला मोठं काम उभं राहिलं, २०२३ मध्ये कोलारजवळचा कारखाना टाटांनी घेतला. तामिळनाडूतल्या त्या लाइनींवर बहुतेक पोरी आहेत, गावातून आलेल्या, होस्टेलवर राहणाऱ्या. म्हणजे डब्यावर चायनाच्या जागी इंडिया आलं, अन् मला त्याचा आनंद आहे, मनापासून आहे, पोरींच्या हातात पगार आला ही लहान गोष्ट नाही. पण ओळीचा पहिला भाग तिथंच आहे, कॅलिफोर्निया, अन् मोठा वाटाही तिकडंच.

म्हणून दुकानात गेल्यावर दोन गोष्टी वेगळ्या वाचा. मेड इन, असेम्बल्ड इन किंवा कंट्री ऑफ ओरिजिन लिहिलेलं असते ते वस्तू बनली-जुळली कुठं त्याचं, अन् बाहेरून आलेल्या पाकीटबंद मालावर देशाचं नाव लिहिणं आपल्याकडे कायद्यानं लागते. डिझाइन्ड इन म्हणजे मूळ देश नाही, ती कंपनीनं स्वतःहून सांगितलेली गोष्ट आहे. खोटी नसन, पण दुकानदार तेवढंच बोट ठेवून दाखवत असन तर डबा त्याच्या हातातून घ्या अन् पुढचा शब्द वाचा.

मोठ्या बाबांनी शेवटी नोएडाला बनलेलाच घेतला, अकरा हजाराचा. घरी येऊन डबा फेकला नाही त्यांनी, दिवाणाच्या खणात ठेवला, सातबाराच्या फाइलसोबत. काल चुलत भाऊ आला तर त्याला म्हणाले, "याचे इस्क्रू पाह्य रे बरोबर हायेत का." त्यानं सांगितलं की मोबाइलचे बाहेरून दिसत नाहीत मोठे बाबा. तरी त्यानं फोन हातात घेतला, उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला अन् म्हणाला, चांगला बसवला.

पुढच्या व्हिडिओत आपण जिनिंगमध्ये जाणार आहोत, परवानगी मिळाली आहे. तिथं रुईची १७० किलोची गाठ बांधतात, तिच्यावर जिनिंगचा मार्क असते अन् गाठीचा नंबर असते. गावाचं नाव त्या गाठीवर टाकता येईल का, हे मी तिथल्या मॅनेजर साहेबांना कॅमेऱ्यासमोर विचारणार आहे. तोपर्यंत तुमच्या घरातल्या शर्टाचा तो छोटा टॅग कापला नसन तर त्याचा फोटो काढून मला पाठवा.